उसने निर्णय

काही वर्षांपूर्वी एका संस्थेला आपले बोधचिन्ह मोठ्या फलकावर लावायचे होते, म्हणून मी माझी जुनी मूळ फाइल उघडली. काम माझेच होते. ते मंजूर झाले होते, छापले गेले होते आणि त्याचे थोडेफार कौतुकही झाले होते. फाइलमधले लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, एकेक करून तपासताना सर्वांत खाली एक लॉक केलेला, लपवून ठेवलेला लेयर सापडला. तो सुरू केला तेव्हा फिकट करड्या रंगात दुसऱ्याच कुणाचे तरी चिन्ह पडद्यावर उमटले आणि माझ्या चिन्हाची बाहेरची वक्ररेषा त्याच्या कडेवरून जवळजवळ तंतोतंत फिरलेली दिसली. आतला आकार वेगळा होता, रंग वेगळे होते, अक्षरे वेगळी होती; दोन्ही चिन्हे शेजारी शेजारी ठेवली असती तरी बहुतेकांच्या लक्षात काही आले नसते. मला मात्र एका साध्या प्रश्नाचे उत्तर देता येईना. ही रेषा उजवीकडे खाली येताना मध्येच आत का वळते? माझ्या चिन्हात त्याला काहीच कारण नव्हते. मूळ चिन्हात त्या जागी एक अक्षर सामावून घ्यायचे होते, म्हणून ते करणाऱ्याने रेषा आत घेतली होती. माझ्याकडे ते अक्षरच नव्हते. वळण तेवढे आले होते.

प्रेरणा कुठे संपते आणि उचलेगिरी कुठे सुरू होते, हा प्रश्न आमच्या डिझाइनच्या व्यवसायात बहुतेक वेळा साम्याच्या भाषेत विचारला जातो: किती सारखे दिसते, काय काय बदलले, कुणाच्या लक्षात येईल का. त्या फाइलने मला हे मोजमाप सोडायला लावले. डोळ्यांना दिसणारा आकार हा शेकडो लहानमोठ्या निर्णयांचा परिणाम असतो आणि त्यातल्या प्रत्येक निर्णयामागे कुणीतरी कशाचा तरी विचार केलेला असतो: वाचणारा किती अंतरावर उभा असेल, छपाई कोणत्या कागदावर होईल, कोणती गोष्ट आधी दिसायला हवी आणि कोणती मागे राहिली तरी चालेल. दुसऱ्याच्या कामातून हा विचार शिकणे आणि आपल्यापुढच्या प्रश्नासाठी आपले निर्णय आपण घेणे, याला मी प्रेरणा म्हणतो. त्याने घेतलेले निर्णयच उचलायचे आणि ते आपण घेतले असे भासवायचे, ही उचलेगिरी. म्हणून दोन तयार कामांमधले साम्य मोजण्याआधी काम ज्या वाटेने झाले त्या वाटेकडे पाहिले पाहिजे आणि ती वाट उघडपणे सांगण्याची करणाऱ्याची तयारी आहे का, हे विचारले पाहिजे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो शिकणाऱ्या मुलांपासून अनुभवी लोकांपर्यंत सगळीकडे पसरलेला आहे. मूळ कामात तीस टक्के बदल केला की ते आपले होते, असे छातीठोकपणे सांगणारे लोक मला वारंवार भेटतात. कुणी वीस टक्के म्हणतो, कुणी पाच ठिकाणी फरक केला की पुरे म्हणतो. प्रताधिकाराच्या (कॉपीराइटच्या) कायद्यात असा कोणताही आकडा नाही, आणि तो असू शकतही नाही, कारण चित्राचे टक्के मोजायचे कसे? क्षेत्रफळाने, रेषांच्या संख्येने की रंगांनी? न्यायालये पाहतात ते हे की जे घेतले तो मूळ कामाचा महत्त्वाचा भाग होता का. एखाद्या भित्तिपत्रकाचा प्राण एका कोपऱ्यातल्या हाताच्या मुद्रेत असेल, तर बाकीचे सगळे बदलूनही मुख्य गोष्ट उचललेलीच राहते. टक्क्यांचा हा हिशोब सोयीचा वाटतो, कारण तो विचार करण्याच्या जबाबदारीतून सुटका करून देतो.

कायद्याने स्वतःची एक रेषा आखलेली आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. कल्पना सर्वांची, अभिव्यक्ती कर्त्याची, हे त्या रेषेचे सूत्र. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात ते मांडले, आणि गंमतीची गोष्ट अशी की तो खटला एका अर्थाने मांडणीबद्दलच होता. सेल्डन यांनी हिशेब लिहिण्याची एक पद्धत पुस्तकात समजावली होती आणि तिच्यासाठी रकाने आखलेले तक्ते दिले होते. बेकर यांनी साधारण त्याच पद्धतीचे, पण रकान्यांची मांडणी बदललेले तक्ते विकले. न्यायालयाने सांगितले की पुस्तकावरचा हक्क म्हणजे त्या हिशेबपद्धतीवरचा हक्क नव्हे. हेच सूत्र पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या, बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स करारात कलम ९(२) म्हणून आले. लहान मुलांना बसून फिरवता येईल अशा चाकांच्या बॅगेवरून ब्रिटनमध्ये झालेला वादही याच जातीचा. 'ट्रंकी' या मूळ बॅगेच्या निर्मात्याने तशाच प्रकारची 'किडी केस' आणणाऱ्या कंपनीवर दावा लावला. खालच्या न्यायालयात तो जिंकला, अपिलात हरला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याच्या विरुद्ध निकाल दिला. बसता येणाऱ्या बॅगेची कल्पना हुशारीची आहे हे न्यायाधीशांनी मान्य केले, पण नोंदणीकृत डिझाइनचा कायदा डिझाइनचे संरक्षण करतो, कल्पनेचे नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

मला हा निकाल पटतो, जरी त्या निर्मात्याबद्दल वाईट वाटते. कल्पनांना कुंपण घातले तर पुढच्या माणसाला उभे राहायला जमीनच उरणार नाही. पण येथेच एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. कायद्याची रेषा ही शिक्षा कुठून सुरू होते ते सांगणारी रेषा आहे. प्रामाणिक कामाची हद्द कुठपर्यंत, हे ती सांगत नाही. न्यायालयात जिंकता येण्यासारखी उचलेगिरी असते, तसेच न्यायालयात अडचणीत येऊ शकणारी प्रामाणिक प्रेरणाही असते. त्यामुळे कायद्यात बसते, एवढ्यावर हा विषय संपत नाही.

कल्पना आणि निर्णय यांतला फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशात. हॅरी बेक हे विजेच्या मंडलांची रेखाटने करणारे आरेखक होते. १९३१ मध्ये त्यांनी जो आराखडा केला तो आधी फार धाडसी म्हणून नाकारला गेला आणि १९३३ मध्ये प्रत्यक्ष छापला गेला. त्याआधीचे नकाशे भूगोलाशी प्रामाणिक असत. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्थानकांची नावे एकमेकांवर चढत आणि उपनगरांकडे नुसते रिकामे अंतर पसरलेले असे. जमिनीखालून जाणाऱ्या प्रवाशाला वरचे रस्ते कसे वळतात याच्याशी कर्तव्य नसते, त्याला कोणत्या स्थानकानंतर कोणते येते आणि गाडी कुठे बदलायची एवढेच हवे असते, हे बेक यांनी ओळखले. मग त्यांनी सगळ्या मार्गरेषा आडव्या, उभ्या किंवा पंचेचाळीस अंशांत बसवल्या, मधला गर्दीचा भाग मोठा केला, बाहेरचा आवळला, आणि जमिनीवरच्या खुणांपैकी फक्त थेम्स नदी ठेवली, तीही सरळ केलेल्या कोनांत.

पुढे जगभरच्या शहरांनी ही पद्धत घेतली. ही उचलेगिरी झाली का? मी म्हणेन, नाही, कारण त्या शहरांना बेक यांचे कारण मिळाले होते आणि निर्णय त्यांना आपापले घ्यावे लागले: कोणता मार्ग कण्यासारखा मधोमध ठेवायचा, नदी दाखवायची की नाही, नावे रेषेच्या कोणत्या बाजूला लिहायची. एवढेच नव्हे, हे कारण आपल्याकडे लागू पडते का, हाही निर्णय नव्याने घ्यावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये मासिमो विन्येल्ली यांनी १९७२ मध्ये असाच भूमितीय नकाशा केला. तो देखणा होता, पण तेथील प्रवासी रस्त्यांच्या क्रमांकांवर शहर ओळखणारा, आणि नकाशातले सेंट्रल पार्क खऱ्या लांबट आकाराऐवजी चौकोनी झालेले; लोकांनी तक्रारी केल्या आणि १९७९ मध्ये तो बदलून भूगोलाला धरून असलेला नकाशा आणला गेला. विन्येल्ली यांनी कुणाचे काही उचलले नव्हते. मोठ्या माणसाने विचारपूर्वक घेतलेले तत्त्वसुद्धा दुसऱ्या मातीत पुन्हा पारखावे लागते, तर मग कारण न समजता उचललेली वळणे काय करत असतील, याचा अंदाज यावरून यावा.

बेक यांच्या गोष्टीचा दुसरा भाग मला अधिक लागतो. १९६० मध्ये त्यांच्या रचनेवर आधारलेला नवा नकाशा दुसऱ्याच्या नावाने निघाला आणि बेक यांना बाजूला सारले गेले. आपल्या कामावरचा आपला संबंध मान्य व्हावा म्हणून ते कित्येक वर्षे झगडले आणि १९७४ मध्ये वारले. मूळ रचना हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये केली, अशी ओळ आता त्या नकाशावर छापली जाते. एक ओळ, तीही बारीक अक्षरांत. ती छापल्याने नकाशाची उपयुक्तता कणभर कमी झाली नाही आणि नंतरच्या आरेखकांचा मानही घटला नाही. मग ती आधी छापायला काय हरकत होती?

याच्या उलट, जिथे माझा निर्णय दोलायमान होतो असे एक उदाहरण अक्षरांचे आहे. 'हेल्व्हेटिका' हे अक्षरवळण (फॉन्ट) १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या हास या छपाईची अक्षरे घडवणाऱ्या कंपनीत माक्स मीडिंगर आणि एडुआर्ड होफमान यांनी घडवले, आणि तेही आधीच्या 'अक्झिडेन्झ ग्रोटेस्क' या वळणाकडे पाहत घडवले. 'एरियल' १९८२ मध्ये मोनोटाइप या अशाच दुसऱ्या कंपनीत रॉबिन निकोलस आणि पॅट्रिशिया सॉन्डर्स यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९९२ मध्ये विंडोजबरोबर घराघरांतल्या संगणकांवर पोहोचले. दोन्ही मोठी करून शेजारी ठेवा. हेल्व्हेटिकातल्या लहान 'टी'चे डोके आडवे कापलेले आहे, एरियलमध्ये ते तिरके आहे. मोठ्या 'आर'चा पाय एकीकडे वळण घेऊन सरळ खाली उतरतो, दुसरीकडे तिरपा ताठ जातो. 'जी'ला एकीकडे खालून टाच आहे, दुसरीकडे नाही. म्हणजे ही ट्रेस केलेली प्रत नव्हे; एरियलचे आकार मोनोटाइपच्याच एका जुन्या वळणातून आले, असे म्हणण्यास जागा आहे. पण आता अक्षरांची रुंदी मोजा. ती अक्षरागणिक जुळते, आणि हा योगायोग नाही: एका वळणात मांडलेला मजकूर दुसऱ्यात टाकला तर ओळी त्याच जागी तुटाव्यात, यासाठी ती मुद्दाम जुळवलेली आहे.

सामान्य वाचकाला अक्षराची रुंदी दिसत नाही. अक्षर घडवणाऱ्याला मात्र ठाऊक असते की मजकुराचा रंग, त्याची घनता आणि श्वास हा सगळा रुंदीत आणि दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत असतो, आणि तिथे एकेका अक्षरामागे खूप निर्णय खर्ची पडलेले असतात. दिसणारे बदलले आणि न दिसणारे घेतले, असा हा प्रकार आहे. अमेरिकेत अक्षरवळणाच्या आकाराला प्रताधिकार मिळत नाही, फक्त फॉन्टच्या संगणकीय आज्ञावलीला मिळतो, त्यामुळे कायद्याला येथे फारसे म्हणायचे नाही. सुसंगततेची गरज खरी होती हे मी मान्य करतो आणि एरियल करणाऱ्यांना चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही. तरीही ज्याच्या रुंदीवर आपण उभे आहोत त्याला डावलून बाजारात उभे राहण्यासाठी हे केले गेले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

नक्कल ही मुळातच वाईट, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. हात तयार होतो तो नकलेनेच. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८७ मध्ये जपानी चित्रकार हिरोशिगे यांच्या ठशांवरून छापलेल्या दोन मुद्राचित्रांची तैलरंगात नक्कल केली. त्यातल्या एकासाठी तर त्यांनी मूळ चित्र चौकटी आखून ट्रेस केले होते. चित्राच्या कडेला त्यांनी जपानी अक्षरे रंगवली, म्हणजे हे कुठून आले ते चित्रच सांगत होते. पुढच्या त्यांच्या चित्रांत सपाट रंग, ठळक बाह्यरेषा आणि कडेला अचानक तुटणारी झाडे आली तेव्हा हिरोशिगे यांचे एकही वळण शोधून सापडत नाही. पाहण्याची रीत तेवढी अंगात मुरलेली दिसते. ट्रेस करणे हा अभ्यास होता आणि अभ्यास म्हणूनच तो उघड ठेवला गेला. माझ्या फाइलमध्ये तो लॉक करून लपवलेला होता, आणि खरा फरक मला तिथे दिसतो.

सोळाव्या शतकातही हा प्रश्न नावापाशीच अडला होता. इटलीतील मार्कांतोनियो राइमोंदी यांनी जर्मन चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूरर यांच्या लाकडी ठशांवरील चित्रांच्या प्रती तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या आणि ड्यूरर यांची 'ए' आणि 'डी' या अक्षरांची नाममुद्राही तशीच उतरवली. कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारी यांनी लिहून ठेवलेल्या हकिगतीनुसार ड्यूरर यांनी व्हेनिसमध्ये तक्रार केली तेव्हा निकाल मिळाला तो एवढाच की राइमोंदी यांनी ती नाममुद्रा वापरू नये. चित्रे उतरवण्याला मनाई झाली नाही. त्या काळी गुन्हा ठरला तो दुसऱ्याचे नाव लावण्याचा. आज नेमकी उलट स्थिती आहे. चित्र घेतले जाते आणि नाव पुसले जाते, कारण आज डिझायनरची पत स्वतःच्या नवेपणाच्या दाव्यावर चालते.

हे नाव पुसणे माणसाला कुठे घेऊन जाते, याचे मला सर्वांत क्लेशदायक वाटणारे उदाहरण अमेरिकी चित्रकार शेपर्ड फेअरी यांचे आहे. बराक ओबामा यांचे लाल, निळ्या आणि फिकट पिवळसर रंगांतले 'होप' हे भित्तिपत्रक २००८ मध्ये जगभर पोहोचले. ते मॅनी गार्सिया यांनी २००६ मध्ये असोसिएटेड प्रेससाठी टिपलेल्या छायाचित्रावरून केलेले होते. वाद न्यायालयात गेला तेव्हा फेअरी यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते: छायाचित्र बातमीसाठी होते, भित्तिपत्रक प्रचारासाठी, चेहऱ्याचे सपाट रंगपट्ट्यांत केलेले रूपांतर हे खरोखर त्यांचे काम होते. पण त्यांनी आपण वेगळेच छायाचित्र वापरले असे सांगितले, आणि ते खरे ठरावे म्हणून काही पुरावे नष्ट केले आणि काही बनावट तयार केले. हे त्यांना पुढे कबूल करावे लागले. मूळ वाद २०११ मध्ये तडजोडीने मिटला. खोटेपणाबद्दल २०१२ मध्ये दोन वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन), ३०० तास समाजसेवा आणि २५,००० डॉलर दंड झाला. ज्या कामाचे समर्थन करता आले असते ते करणाऱ्यानेच त्याची वाट पुसायला घेतली. काम छापले जाण्याआधी गार्सिया यांचे नाव खाली आले असते, परवानगीचे एक पत्र गेले असते, तर ते भित्तिपत्रक कुठल्याही अर्थाने लहान झाले नसते.

अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या प्रतिष्ठानाविरुद्धचा २०२३ चा निकालही याच अंगाने वाचावा असे मला वाटते. गायक प्रिन्स यांचे छायाचित्र लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये काढले होते. १९८४ मध्ये एका मासिकाने ४०० डॉलर देऊन ते वॉरहॉल यांच्या एका चित्रासाठी संदर्भ म्हणून, एकदाच वापरण्याच्या अटीवर घेतले, आणि तेव्हा गोल्डस्मिथ यांचे नावही छापले. वॉरहॉल यांनी त्यावरून आणखी चित्रे केली होती. प्रिन्स यांच्या निधनानंतर २०१६ मध्ये त्यांतले एक त्याच मासिकाच्या मालक कंपनीने एका विशेषांकाच्या मुखपृष्ठावर छापले, आणि तेव्हा गोल्डस्मिथ यांना ना मोबदला मिळाला ना श्रेय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने कौल दिला. या निकालाने कलेचे हातपाय बांधले जातील अशी भीती काहींनी व्यक्त केली. मला ती अवाजवी वाटते, कारण छायाचित्र आणि त्यावरून केलेले चित्र हे दोन्ही त्याच कामासाठी, म्हणजे प्रिन्स यांच्यावरील मजकुरासोबत छापण्यासाठी, परवान्याने दिले जात होते. अशा वेळी मूळ छायाचित्रकाराला वाटा न देण्यासाठी काय कारण सांगणार?

इतके म्हटल्यावर दुसऱ्या बाजूचा अन्यायही सांगितला पाहिजे, कारण तो दिवसेंदिवस वाढतो आहे. दोन चित्रे शेजारी शेजारी लावायची आणि खाली 'चोरी' असे लिहायचे, याला आता अर्धा मिनिट पुरतो. टोकियो ऑलिंपिकचे केंजिरो सानो यांनी केलेले बोधचिन्ह जुलै २०१५ मध्ये जाहीर झाले आणि बेल्जियममधील लिएज येथील नाट्यगृहाच्या बोधचिन्हाशी ते मिळतेजुळते असल्याचा आरोप लगेच झाला. १ सप्टेंबरला ते मागे घेण्यात आले. दोन्ही चिन्हांत एक उभा खांब आणि त्याला लागून कमानीचे तुकडे आहेत, हे खरे. पण उभा खांब आणि वर्तुळाचा चतुर्थांश एवढ्या साहित्यातून जगात किती वेगळी चिन्हे निघू शकतील? सामग्री जितकी साधी तितका योगायोग अधिक. केवळ त्या दोन चित्रांवरून सानो यांना दोषी ठरवणे मला योग्य वाटत नाही.

त्यांचा बचाव कोसळला तो दुसऱ्या गोष्टींमुळे. त्याच काळात एका पेयकंपनीसाठी त्यांच्या कार्यालयाने केलेल्या कापडी पिशव्यांपैकी काही डिझाइन दुसऱ्यांच्या कामावरून घेतल्याचे त्यांनी मान्य केले, आणि हे सहकाऱ्यांनी केले असे सांगितले; बोधचिन्ह प्रत्यक्ष जागी कसे दिसेल हे दाखवण्यासाठीही इतरांची छायाचित्रे विनापरवाना वापरलेली निघाली. एकदा वाटेवरचा विश्वास उडाला की प्रामाणिक कामही संशयातून सुटत नाही. सहकाऱ्यांकडे बोट दाखवणे मात्र मला मुळीच पटले नाही. ज्या कार्यालयात कामाच्या खाली प्रमुखाचे नाव लागते, तिथे कनिष्ठाने संदर्भ कुठून आणला हे विचारण्याचे कामही प्रमुखाचेच असते.

मूळ कर्ता एक व्यक्ती नसून एखादा समाज असतो तेव्हा हा प्रश्न अधिक अवघड होतो आणि आपले वागणे अधिक सैल. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या सांता मारिया त्लाउइतोल्तेपेक येथील मिहे समाजाच्या पारंपरिक पोलक्यासारखे पोलके इझाबेल मारां या फ्रेंच फॅशनगृहाने २०१५ च्या सुमारास बाजारात आणले. त्यावर दुसऱ्याच एका फ्रेंच कंपनीने हे डिझाइन आमचे आहे असा दावा केला, आणि त्या दाव्याला उत्तर देताना मारां यांच्या बाजूने सांगण्यात आले की हे डिझाइन त्या गावाचे आहे. सत्य बाहेर आले, पण ते न्यायालयात अडचण आली म्हणून. कपड्यावरच्या चिठ्ठीवर ते आधी का आले नाही? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नक्षीला 'सार्वजनिक' म्हणणे सोपे असते; परंतु तिथेही कोणता धागा कुठे वळवायचा याचे निर्णय कुणीतरी घेतलेले असतात, फक्त त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात.

'नवे असे काही नसतेच, सगळेच कुठून तरी येते' हे वाक्य अशा चर्चेत शेवटचे शस्त्र म्हणून बाहेर काढले जाते. वाक्य खरे आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष खोटा आहे. सगळेच कुठून तरी येत असेल तर कुठून आले हे सांगणे अधिक सोपे व्हायला हवे, लाजेचे नव्हे. जर्मन डिझायनर डीटर राम्स यांच्या ब्राउन कंपनीसाठीच्या १९५८ च्या 'टी ३' या खिशातल्या रेडिओचा चेहरा आणि २००१ च्या आयपॉडचा चेहरा यांचे नाते कुणालाही दिसते. ॲपलचे तेव्हाचे डिझायनर जोनाथन आइव्ह यांनी राम्स यांचे ऋण उघडपणे मान्य केले आणि राम्स यांनीही ते साम्य गौरव म्हणून स्वीकारले. रेडिओवरचे वर्तुळ हे आवाजाची जाळी आणि केंद्र शोधण्याची तबकडी यांच्या नात्यातून आले होते. आयपॉडवरचे वर्तुळ अंगठ्याने हजारो गाण्यांतून झरझर फिरण्यासाठी आले. शांतपणा तोच, पण प्रश्न नवा होता.

या व्यवहारात ग्राहकाचा वाटा किती मोठा असतो, हे आम्ही लोक संकोचाने बोलत नाही. 'असेच हवे, फक्त जरा वेगळे' या वाक्याने सुरू झालेली कामे मी मोजायची सोडून दिली आहेत. समोर दुसऱ्याच्या कामाचे चित्र ठेवलेले असते, मुदत दोन दिवसांची असते, आणि विचार करण्यासाठी लागणाऱ्या वेळाचा मोबदला द्यायचा असतो हे कुणाच्या ध्यानात नसते. अशा ठिकाणी बसलेल्या नवख्या मुलाने मूडबोर्डवरचे, म्हणजे संदर्भचित्रांच्या फलकावरचे, चित्र खाली ठेवून वर रेषा ओढली, तर दोष त्याचा आहेच, पण त्याला तिथे बसवणाऱ्यांचा अधिक आहे. अशा वेळी मी एक प्रश्न विचारतो: या चित्रातले तुम्हाला नेमके काय आवडले? बहुतेक वेळा उत्तर येते की ते मोकळे वाटते, किंवा दुरून वाचता येते, किंवा त्यात भपका नाही. हे उत्तर मिळाले की चित्र बाजूला ठेवता येते, कारण आता हातात कारण आलेले असते. उत्तर मिळालेच नाही आणि 'तेच हवे' हा आग्रह राहिला, तर मूळ डिझायनरशी संपर्क करा असे सांगणे हाच सरळ मार्ग आहे. त्यामुळे कामे जातात. माझीही गेली आहेत.

चित्रे तयार करणाऱ्या यंत्रप्रणालींनी आता वाटेचा हा प्रश्न वेगळ्याच टोकाला नेला आहे. लायन-५बी या २०२२ च्या संचात सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे त्यांच्या वर्णनांसह गोळा केलेले होते आणि अशा संचांतून शिकलेली प्रणाली शब्द दिल्यावर चित्र काढून देते. पूर्वी उचलणाऱ्याला निदान आपण काय उचलले ते माहीत असे. आता पडद्यावर आलेल्या चित्रातले कोणते वळण कुणाच्या कामातून आले हे वापरणाऱ्याला सांगताच येत नाही, आणि म्हणून 'मी तर काहीच घेतले नाही' असे तो मनापासून म्हणू शकतो. मला ही मनःशांती धोक्याची वाटते. यंत्र वापरू नये असे मी म्हणत नाही. मीही सुरुवातीच्या चाचपणीसाठी ते वापरून पाहिले आहे. परंतु ज्या चित्रातल्या एकाही निर्णयाचे कारण मला सांगता येत नाही त्याखाली माझे नाव लावणे म्हणजे त्या लपवलेल्या लेयरवर आणखी एक कुलूप घालणे होय, आणि या वेळी किल्लीही माझ्याकडे नसेल.

त्या बोधचिन्हाचे पुढे काय झाले ते सांगतो. मी संस्थेकडे गेलो आणि खालचा लेयर उघडून दाखवला. तेथील पदाधिकारी शांतपणे म्हणाले की इतकी वर्षे कुणी काही बोलले नाही, आता कशाला उकरून काढता. मी मोबदला न घेता चिन्ह नव्याने केले आणि त्याला तीन आठवडे लागले, कारण या वेळी बाहेरची रेषा कुठे आणि का वळावी हे संस्थेच्या नावातल्या अक्षरांकडे पाहत ठरवावे लागले. मूळ चिन्ह करणाऱ्या डिझायनरलाही मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही आणि ते यावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नव्हता. नवी फाइल सुपूर्त करताना तिच्यासोबत एक पान जोडले. त्यावर कोणती कामे पाहिली, त्यातून काय घेतले, काय सोडले, आणि जुन्या चिन्हातली कोणती रेषा का काढून टाकली, हे तारखांसह लिहिले होते. आता प्रत्येक कामासोबत ते पान जाते. काही ग्राहक ते वाचतात, बरेचसे वाचत नाहीत, आणि एकाने ते सादरीकरणातून काढून टाकायला सांगितले, म्हणून मी ते वेगळ्या पाकिटात घालून दिले.